रडीचा डाव, रिमोटवर

पैशासाठी माणूस लबाडी करतो, हे आपल्याला समजतं. खुर्चीसाठी करतो, हे तर आपण इतक्या वेळा पाहिलंय की, आता न करणाऱ्याचाच संशय येतो. परीक्षेतली कॉपी, दुधातलं पाणी, तराजूला लागलेला अंगठा, या सगळ्यामागे काहीतरी हिशेब असतो. साधलं तर एवढं मिळेल, सापडलो तर एवढं जाईल. पण हातभर लांबीची, दीड किलो वजनाची खेळण्यातली मोटार पाच मिनिटं गोल गोल फिरवायची, पहिली आली तर पाव किलो शेंगाचटणी मिळायची, आणि तेवढ्यासाठी खात्यापित्या घरातल्या माणसानं कोट घातलेल्या बाळासारखी बॅटरी गरम कपड्यात गुंडाळून आणायची, हे गणित काही मला सुटत नाही. बँकेत चौतीस वर्षं काढली, मोठमोठे घोटाळे जवळून पाहिले. पण त्यांतल्या एकाही घोटाळ्याच्या तळाशी शेंगाचटणी नव्हती.

तशी रडी आमच्या लहानपणीही होती. गोट्या खेळताना वीत ताणून ताणून हातभर करणारा एकजण प्रत्येक गल्लीत असे. विटीदांडूत दांडूनं मोजताना बाराच्या पुढं एकदम अठरा म्हणणारा असे. आउट व्हायची वेळ आली की, 'टाइम प्लीज' म्हणून चप्पल शोधायला जाणारा असे. पण त्या कोर्टात निकाल जागच्या जागी लागायचा. फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश तिघंही एकदम ओरडायचे आणि ज्याचा घसा मोठा, त्याच्या बाजूनं न्याय व्हायचा. दुसऱ्या दिवशी सगळे परत खेळायला हजर. आणि त्या गोंगाटात एक फार शहाणा कायदा होता. सगळ्यांत लहान पोर म्हणजे 'कच्चा लिंबू'. त्याला खेळात घ्यायचं, पण आउट धरायचं नाही. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, कुणी मंजूर केला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा तो कुणी मोडत नव्हतं.

आता मोठ्या माणसांच्या खेळाकडे येतो.

विजापूर रोडला आमची सोसायटी आहे. सोसायटीत एक सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट आहे. तिथं बॅडमिंटन कुणी खेळत नाही, कारण दिवसा ऊन असतं आणि संध्याकाळी वारा. सोलापूरचं ऊन मी तुम्हांला वर्णन करून सांगत नाही. मे महिन्यात पारा 43 वर गेला की, आमच्याकडे वाळत घातलेल्या पापडांना भाजायची गरज पडत नाही, एवढंच सांगतो. तर त्या कोर्टावर काही वर्षांपूर्वी रिमोटवरची पहिली मोटार आली. कुणाच्या तरी मामानं वाढदिवसाला दिलेली. आठवड्याभरात शेजारच्या पोरानं हट्ट करून तसलीच दुसरी आणवली. दोन्ही स्वस्तातल्या, दोन्ही 27 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या. एका पोरानं आपला रिमोट दाबला की दोन्ही गाड्या एकदम डावीकडं वळायच्या. एकत्र कुटुंबाचं इतकं सुंदर दर्शन सोसायटीत त्याआधी कधी घडलं नव्हतं.

हा घोळ मात्र जुना आहे बरं का. जपानच्या तामिया कंपनीनं 1976 साली पोर्शे 934 ची छोटी, रिमोटवर पळणारी प्रतिकृती काढली. पुढं या छंदाचे जगभर क्लब झाले. त्या काळात गाडीत आणि रिमोटमध्ये जोडीचा एकेक स्फटिक बसवावा लागे. एकाच कंपनसंख्येचे दोन रिमोट एकदम चालू झाले की गाडी दोघांपैकी कुणाचंच ऐकत नसे. म्हणून क्लबात एक फळी असायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. ज्याच्या खिशाला त्या नंबराचा चिमटा, त्यानंच रिमोट चालू करायचा. म्हणजे जगातल्या एवढ्या आधुनिक खेळाची शिस्त चिमट्यावर उभी होती! शेजाऱ्याची गाडी पुढं निघाली की आपला रिमोट 'चुकून' चालू होण्याची उत्तम सोय त्या काळी होती. आता 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट आले. ते आपापली गाडी ओळखतात. चिमटे पुन्हा दोरीवर गेले.

आमच्याकडेही चांगले रिमोट आले, गाड्या मोठ्या झाल्या, आणि नेहमीप्रमाणे मुलं बाजूला झाली, बाप पुढं आले. दातांचे एक डॉक्टर, टॉवेलचे एक कारखानदार, फिजिक्सचे एक प्राध्यापक आणि आणखी चार-पाच गृहस्थ. खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाच्या गाड्या. पिस्तुलासारखा रिमोट, त्याला एक चाक. चाप ओढला की गाडी पळते, चाक फिरवलं की वळते. रविवारी संध्याकाळी ऊन उतरलं की कोर्टावर खडूनं आणि जुन्या पाइपांनी वेडीवाकडी वाट आखायची आणि शर्यत लावायची. पंच म्हणून माझी एकमतानं निवड झाली. कारणं तीन. मला वेळ आहे, चष्मा आहे आणि गाडी नाही. फेऱ्या मोजायचं काम आमच्या सौभाग्यवतींकडं आलं. बाहेरच्या क्लबांत गाडीला एक बारकं यंत्र लावतात, रेषा ओलांडली की फेरी आपोआप मोजली जाते. आमच्याकडं प्रत्येक गाडीच्या नावानं एक वाटी आणि समोर चिंचोके. गाडी रेषेवरून गेली की हिनं वाटीत चिंचोका टाकायचा. आजवर या यंत्राची बॅटरी उतरलेली नाही.

पहिल्या दिवशी नियम तीन होते. सगळ्यांची मोटर एकाच प्रकारची, डब्यात बंद येणारी साधी रुपेरी मोटर. बॅटरी ठराविक. वाट सोडून आडवं जायचं नाही. बस. वहीचं अर्धं पान पुरलं. आज आमची नियमावली अकरा पानांची आहे. हे अकरा पानांचं साहित्य काही मला एकदम स्फुरलेलं नाही. त्यातला एकेक नियम म्हणजे एकेका सद्‌गृहस्थाचं स्मारक आहे. गावात चौकाचौकांत पुतळे असतात, तसे आमच्या वहीत नियम आहेत. नियम वाचला की मला त्या माणसाचा चेहरा दिसतो.

आता हेच बघा. 'शर्यतीआधी पंच बॅटरी मोजतील. 8.4 व्होल्टच्या वर भरलेली चालणार नाही.' या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. दोन घरांची बॅटरी पूर्ण भरली की 8.4 व्होल्ट दाखवते. त्याच्यापुढं कोंबली तर गाडी किंचित जोरात पळते आणि एखादे वेळी बॅटरी पेटते. कारखानदार कोंबून आणत. का, तर 'थोडंसं जास्त भरलं तर काय बिघडलं ओ? आपण सोलापूरची माणसं, पाहुण्याला पण आग्रह करूनच वाढतो.'

'गाडीचं वजन शर्यत संपल्यावर केलं जाईल.' आधी वजन शर्यतीपूर्वी होई. हलकी गाडी चपळ असते, म्हणून कमीत कमी दीड किलो वजन हवं, असा नियम. एक गृहस्थ वजनाच्या वेळी गाडीच्या टपाखाली शिशाचा तुकडा ठेवत आणि वजन झालं की हळूच खिशात घालत. शर्यत सुरू झाली की त्यांची गाडी हलकी होई आणि तेवढी विजार जड.

'चाकाला कोणतंही तेल अथवा औषध लावू नये.' रबर मऊ झालं की जमिनीला घट्ट धरतं. परदेशात या कामासाठी बाटल्या मिळतात. त्यांतल्या काहींना विंटरग्रीनच्या तेलाचा, म्हणजे आपल्या सांधेदुखीच्या मलमासारखा वास येतो. डॉक्टरांच्या गाडीला तो येऊ लागला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण माझा उजवा गुडघा गेली सहा वर्षं त्याच वासात झोपतो.

मी म्हटलं, 'डॉक्टर, गाडीला संधिवात झालाय वाटतं?'

डॉक्टर म्हणाले, 'अहो, मीच कंबरेला लावलंय.'

'मग मागच्या दोन चाकांना कशानं लागलं?'

'वाकलो होतो ना!'

यावर काय बोलणार? दंतवैद्यापुढं आपण तोंड उघडतो ते दुसऱ्या कामासाठी.

आणि उलटलेली गाडी सरळ करण्याचा नियम. या खेळात एक फार चांगली जागतिक चाल आहे. एका शर्यतीत पळलेल्यांनी पुढच्या शर्यतीत वळणावळणावर उभं राहायचं आणि ज्याची गाडी उलटेल, तिला सरळ करून द्यायची. म्हणजे आत्ता ज्यानं मला हरवलं, त्याची गाडी मी पळत जाऊन उचलायची. धर्मग्रंथांत हे वाचायला बरं वाटतं. आमच्याकडं मित्राची गाडी उलटली की माणसं क्रिकेटच्या स्लिपमधल्यासारखी झेपावत. शत्रूची उलटली की त्यांच्या कंबरेत उसण भरे. शेवटी मला लिहावं लागलं, 'उसण भरल्यास डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणावं. दातांच्या डॉक्टरांचं चालणार नाही.'

तुम्ही म्हणाल, हे आमच्या सोलापूरचंच वैशिष्ट्य असेल. छे! या बाबतीत आपण अजून बरेच मागं आहोत. अमेरिकेत ओहायो राज्यात अॅक्रन नावाचं गाव आहे. तिथं 1935 पासून मुलांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची राष्ट्रीय शर्यत होते. मुलानं गाडी स्वतः बनवायची, उतारावरून सोडायची, ती आपल्या वजनानं घसरत खाली येते. याहून निष्पाप खेळ शोधून सापडणार नाही. 1973 साली तिथं चौदा वर्षांचा एक मुलगा पहिला आला. गाडी सुटतानाच अशी झेपावायची की लोकांना शंका आली. शेवटी गाडीचा एक्स-रे काढला. हो, गाडीचा! नाकात विद्युतचुंबक निघाला. उतारावर सुरुवातीला गाड्या अडवून धरणारी लोखंडी फळी पुढं पडली की चुंबक तिच्याकडं खेचला जाई आणि गाडीला आयती ओढ मिळे. चुंबक चालू करायचं बटण कुठं, तर डोक्यामागच्या उशीत. मुलानं शिरस्त्राण मागं टेकलं की काम सुरू. दोन दिवसांत त्याचं पहिलं बक्षीस काढून घेतलं. आणि ही युक्ती डोक्याची होती खरी, पण डोकं मुलाचं नव्हतं. त्याच्या अंकलचं होतं. हे अंकल काका होते की मामा, हे इंग्रजी भाषेला विचारून उपयोग नाही. ते बर्फावर घसरायचे बूट बनवणारे यशस्वी कारखानदार आणि इंजिनिअर होते. त्यांच्यावर मुलाला वाममार्गाला लावल्याबद्दल खटला झाला आणि दोन हजार डॉलर मुलांच्या एका क्लबाला देऊन ते सुटले. पण त्यांचं म्हणणं काय होतं ठाऊक आहे? इथं सगळेच नियम मोडतात, मी भाच्याला किंवा पुतण्याला बरोबरीची संधी दिली, एवढंच.

हे वाक्य मी आमच्या कोर्टावर दर रविवारी ऐकतो. 'साहेब, सगळेच करतात.' सगळे म्हणजे कोण, असं विचारलं की बोट दुसऱ्याकडं जातं. त्या दुसऱ्याला विचारावं, तर त्याचं बोट पहिल्याकडं. अशा रीतीनं सगळे निर्दोष ठरतात आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या साडेआठ व्होल्टच्या निघतात.

बरं, मोठ्या खेळांत निदान सरकार तरी असतं. आपल्या बैलगाडा शर्यतींचंच घ्या. 2014 साली सुप्रीम कोर्टानं त्या बंद केल्या. 2017 साली महाराष्ट्रानं कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. अटी अशा की, धाव एक हजार मीटरच्या वर नको, बैलाला काठी-चाबूक नको, विजेचा धक्का नको. शेवटची अट वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. अट आहे, त्या अर्थी कधीतरी कुणीतरी बैलाच्या पाठीवर बॅटरी टेकवलेली आहे. त्या मुक्या जनावराला काही निषेधअर्ज लिहिता येत नाही. त्या मानानं आमच्या बॅटऱ्या निदान गाडीच्या पोटातच असतात. पण तिथं मागं पोलीस, पशुवैद्य आणि कलेक्टर असतात. माझ्यामागं फक्त आमची ही असते. तीही चिंचोके मोजत.

खरी अडचण तीच आहे. ज्याला पकडायचं, तो परका असता तर काय बिशाद होती! पण ज्याची बॅटरी मी नापास करतो, त्यांच्याच घरून दर संक्रांतीला तिळगूळ येतो. ज्यांच्या चाकांचा मी वास घेतला, त्यांच्याच खुर्चीत मला बुधवारी दाढ काढायला बसायचंय. खेळातला पंच उद्याचा शेजारी असतो. म्हणून तो डोळ्यांवर कातडं ओढतो, म्हणतो, जाऊ दे, खेळच तर आहे. मीही कदाचित तसंच म्हणत बसलो असतो. पण मध्येच तो पोरगा आला.

सोसायटीच्या भिंतीपलीकडं मोटरी गुंडाळायचं एक दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाच्या, यंत्रमागाच्या जळलेल्या मोटरी तिथं येतात. जुनी तार काढून नवी भरतात. त्या दुकानदाराचा नववीतला मुलगा. आमच्या गाड्या बिघडल्या की त्याच दुकानात जात, म्हणून तो कोर्टावर येऊ लागला. प्राध्यापकांनी त्याला आपली जुनी, टप फुटलेली गाडी देऊन टाकली. बॅटरी इतकी म्हातारी की चार मिनिटांत दम टाकायची. पण या पोरानं त्या बॅटरीलाच गुरू केलं. उगाच चाप ओढला तर शेवटच्या फेरीला गाडी उभी राहते, म्हणून तो वळणाआधीच हलकेच चाप सोडायचा, आतल्या अंगानं गाडी घ्यायचा आणि भिंतीला कुठं शिवायचा नाही. आमची मंडळी सरळ वाटेवर विमान करायची आणि वळणावर जाऊन पाइपात घुसायची. तो आपला मुंगीसारखा सरळ, शांत. ज्या दिवशी प्राध्यापकांनी त्याला धड बॅटरी दिली, त्या दिवशी तो पहिला आला. पुढच्या रविवारी परत पहिला. तिसऱ्या रविवारी कारखानदारांनी निषेधअर्ज दिला.

'साहेब, ह्याचा बाप मोटरी गुंडाळतो. आता तुम्हीच समजून घ्या की!'

आरोप अगदीच पोकळ नव्हता. मोटरीच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. जाड तार घेऊन वेढे कमी केले की मोटर जास्त वेगानं फिरते, बॅटरीही भराभर पिते. ज्या घरात रोज तेच काम चालतं, तिथं हे करणं म्हणजे हलवायाच्या घरी साखर शोधण्याइतकं सोपं. मी पोराकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, 'उघडा की काका. बघा की तुमीच.'

ती मोटर उघडण्यासाठी नसते. पत्र्याच्या कडा वाकवून ती कारखान्यात बंद केलेली असते. त्याच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते हात पुसत आले, सगळ्यांना नमस्कार केला, पक्कड घेतली आणि कुणाकडंही न बघता मोटर उघडून प्राध्यापकांपुढं ठेवली. प्राध्यापकांनी भिंगातून वेढे मोजले, नव्या मोटरीशी ताडून बघितले. सगळं कारखान्यातलं, जसंच्या तसं. वडिलांनी मोटर परत बंद केली, पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, 'झालं न्हवं? दुकान उघडं टाकून आलोय.' आणि गेले. कारखानदार म्हणाले, 'मी आपलं नियमाप्रमाणं बोललो.' नियमाप्रमाणं बोलले होते, यात वाद नाही. फक्त त्या वर्षातला तो पहिलाच प्रसंग होता.

त्यानंतर प्राध्यापकांनी एक तोडगा काढला. अमेरिकेत गावोगावच्या छोट्या मोटार-शर्यतींत एक फार चतुर नियम असतो. शर्यत संपल्यावर हरलेल्यानं ठरलेली रक्कम टाकायची आणि जिंकणाऱ्याचं इंजिन घेऊन जायचं. जिंकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणजे तुम्ही इंजिनात लाखभर रुपये घातले आणि ठरलेली किंमत दहा हजार असली, तर जिंकताच नव्वद हजार गेले. पंच नको, एक्स-रे नको, वास घेणं नको. लबाडी आपोआप महाग होते. सर्वानुमते ठरलं: आमच्याकडं मोटरीची किंमत सातशे रुपये. त्या रविवारी तीन गाड्यांच्या मोटरी रातोरात बदलल्या, आणि त्या का बदलल्या, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

शर्यत झाली. पोरगा पहिला आला. कारखानदारांनी खिशातून सातशे रुपये काढले.

आम्ही सगळे एकमेकांकडं बघू लागलो. नियम म्हणजे नियम. पोरानं काही न बोलता मोटर सोडवली आणि दिली. पुढच्या रविवारी तो आला, पण गाडी मांडीवर घेऊन भिंतीवर बसला. गाडीत मोटर नव्हती. ते सातशे रुपये दुकानाच्या लाइटबिलात गेले होते. आणि त्याची मोटर बसवून कारखानदारांची गाडी चौथी आली.

चौथी! त्यांनी मोटर काढून उलटीपालटी करून बघितली. कानाशी नेऊन हलवली. मोटरीत काहीच नव्हतं. जे होतं ते भिंतीवर बसलेलं होतं.

माणूस वाईट नाही हो. घाम पुसत ते माझ्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'साहेब, मोटर परत देतो त्याला. आणि असं करा, त्या पोराला सूट द्या. लहान आहे. कुठलीपण मोटर लावू दे, कितीपण बॅटरी भरू दे. कच्चा लिंबू समजा की.'

मला वाटलं, काय छान तोड निघाली! पोराला हाक मारली आणि सांगितलं. तो भिंतीवरून उतरला. म्हणाला, 'सूट नको काका. मोटर द्या, पण सूट नको. सगळ्यास्नी एकच लावा. मग मी हारलो तरी चालतंय.'

हा नववीतला पोरगा एका वाक्यात जे बोलला, ते मला अकरा पानांत लिहिता आलं नव्हतं. नियम म्हणजे जिंकणाऱ्याच्या पायातली बेडी, असंच आम्ही समजत होतो. खरं म्हणजे तो ज्याच्या खिशात सातशे रुपये नाहीत, त्याच्यासाठी असतो. ज्याच्याजवळ पैसे आहेत, त्याला नियम नसले तरी खेळता येतं. तो मोठी मोटर आणील, परदेशी बाटली आणील. दुसऱ्याजवळ नुसता हात असतो, आणि त्या हाताला किंमत यायची तर बाकीचं सगळं सारखं असावं लागतं. चटणीसाठी केलेली लबाडी म्हणून आम्ही हसत होतो. पण ती जात होती त्या पोराच्या ताटातून.

मग प्राध्यापकांनी दुसरा तोडगा काढला, तोही जगात मोठ्या शर्यतींतून चालतो. मोटरी क्लबाच्या. सगळ्यांनी वर्गणी काढून एकाच खोक्यातल्या दहा मोटरी आणल्या. पोराची वर्गणी घ्यायची नाही, असं ठरत होतं. पण त्याचे वडील म्हणाले, वर्षभर मोटरींची दुरुस्ती आमच्याकडं, हीच वर्गणी समजा. आता दर रविवारी मोटरी आमच्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात येतात. त्यांच्यावर नंबर. चिठ्ठ्या हिच्या पदरात. ज्याला जी येईल ती लावायची आणि शर्यत संपली की परत डब्यात टाकायची. घरी न्यायची नाही, धुवायची नाही, तिला काही खाऊ-पिऊ घालायचं नाही.

पहिल्या चिठ्ठ्यांच्या शर्यतीत डॉक्टर पहिले आले, चाकांना कसलाही वास नसताना. पोरगा दुसरा आला. कारखानदार पाचवे. शर्यत संपल्यावर ते रिमोट हातात घेऊन तसेच उभे होते. मी म्हटलं, आता निषेधअर्ज येतोय. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

ते म्हणाले, 'शेवटचं वळण चुकलं ओ माझं. लवकर वळवली मी.'

आजवर त्यांची बॅटरी चुकली होती, मोटर चुकली होती, पाइप चुकले होते, वारा चुकला होता, पंच तर जन्मापासूनच चुकलेला होता. स्वतः ते त्या दिवशी पहिल्यांदा चुकले. आणि गंमत म्हणजे चेहऱ्यावर समाधान होतं. लगेच पोराला म्हणाले, 'का बे, तू ते वळण कसं घेतोस ते दाव की जरा.' दोघंजण अंधार पडेपर्यंत त्या एका वळणावर घिरट्या घालत होते.

डॉक्टरांना मी रीतसर पाव किलो शेंगाचटणीचं पुडकं दिलं. गाड्यांची वजनं करायचा काटा टेबलावर तसाच चालू होता. हिनं ते पुडकं सहज त्याच्यावर ठेवलं. दोनशे वीस ग्रॅम भरलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, 'आमचा अधिकार कोर्टाच्या पांढऱ्या रेषेपर्यंतच!'